हरकत राखून

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. क्रेडिट कार्डाचं कर्ज आमचंच होतं. ते आम्ही खाल्लं होतं, त्यातून औषधं आणली होती, मुलीच्या शाळेची फी भरली होती. त्याबद्दल बँकेशी माझं काडीचंही भांडण नव्हतं. घेतलं ते फेडायचं, हे मला कुणी शिकवायला नको. भांडण होतं ते न घेतलेल्याचं.

नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात मशिनवर होता. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि पुढचे कित्येक महिने तो घरी पडून होता. कंपनीनं आधी गोड बोलून पगार अर्धा केला, मग न बोलता बंद केला. माझा पगार जुईनगरच्या घरभाड्यातच संपायचा. उरलेला संसार त्याच्या कार्डावर चालला. किराणा कार्डावर, औषधं कार्डावर, गॅससुद्धा कार्डावर. तो दुसरीकडे कामाला लागला तोवर कार्डावर डोंगर उभा राहिला होता. मी बँकेकडून त्या रकमेचे हप्ते पाडून घेतले, कार्ड तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि दर महिन्याला हप्ता भरायला लागले. सणाला साडी नाही, सुट्टीत गावाला जाणं नाही, बाहेर खाणं तर सोडाच. पण हप्ता चुकवला नाही.

आता माझं काम काय ते सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला. मी द्रोणागिरीत एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात बिलं बघते. बंदरावर कंटेनर उतरतो, तिथून गोदामात येतो, आणि वाटेत त्याच्यावर सगळेच हात धुऊन घेतात. उचलल्याचे पैसे, ठेवल्याचे पैसे, उशिरा नेल्याचे पैसे. सरळ बिल म्हणून येत नाही. मी चुकीच्या ओळीवर लाल रेघ मारते, उरलेली रक्कम भरते आणि बिलावर 'हरकत राखून' असा शिक्का मारते. म्हणजे पैसे दिले, पण भांडायचा हक्क सोडला नाही. मग समोरचा अकाउंटंट फोनवर चार शब्द ऐकवतो, मी आठ ऐकवते, आणि आठवडाभरात सुधारलेलं बिल येतं. कुणी मनावर घेत नाही. दिवाळीला त्याच माणसाकडून काजूकतली येते.

तो शिक्का आमच्या शेठनी बनवून घेतलेला. शेठ इथलेच, उरणकडच्या गावातले आगरी. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा त्यांच्या वडलांनी मोबदल्याचा चेक घेताना सहीखाली 'हरकत राखून' असं लिहिलं होतं. काका म्हणाले, सरकारशी कशाला वाकडं घ्या, आणि नुसती सही करून मोकळे झाले. पुढे कोर्टात मोबदला वाढला तेव्हा वाढीव पैसे वडलांना मिळाले, काकांना नाही. ऑफिसात नवीन माणूस आला की शेठ त्याला ही गोष्ट ऐकवतातच. "एकच शेत, एकच बांध. पन माज्या बापानं दोन शब्द जास्ती लिवलं," म्हणतात.

तर, एका महिन्यात कार्डाच्या बिलावर हप्त्याखाली एक नवीन ओळ उगवली. 'कुटुंब सुरक्षा कवच.' रक्कम फार नव्हती, दोघांचा हॉटेलातला नाश्ता होईल एवढी. नवऱ्याला विचारलं, "हे काय घेतलंत?" तो म्हणाला, "मी कशाला घेतोय? मला आधीच पाठीला पट्टा आहे, आणखी कवच कशाला?" मग मी काय करणार? जे रोज ऑफिसात करते तेच केलं. बिलाची प्रिंट काढली, त्या ओळीवर लाल रेघ मारली, शिक्का मारला, फोटो काढून बँकेला ईमेल केला आणि ती ओळ वजा करून बाकीचे पैसे भरले. निश्चिंत झोपले. आता येईल सुधारलेलं बिल!

आलं की. बिल कमी भरलं म्हणून दंड, दंडावर कर, हप्त्यांची सवलत रद्द, म्हणून सगळ्या रकमेवर चढं व्याज, व्याजावर पुन्हा कर, आणि खाली ते कवच दिमाखात बसलेलंच. मी चिडले. आणखी लांब रेघ मारली. पुढच्या महिन्यात त्याचं आणखी मोठं बाळ झालं. असं काही महिने चाललं, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की पलीकडे अकाउंटंटच नाही. पलीकडे माणूसच नाही! माझ्या शिक्क्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. भांडायला समोर तोंड तर पाहिजे ना?

तोंडं होती ती फोनवर. "मॅडम, सिस्टम में दिख रहा है." "अहो, पण आम्ही घेतलंच नाही." "मॅडम, आप पहले पेमेंट कर दीजिए, फिर कंप्लेंट डालिए." आधी भरा, मग रडा. चोर तो चोर, वर शिरजोर. नोकरीच्या ठिकाणी मी एवढ्या तेवढ्या कंटेनरसाठी लोकांना घाम फोडते आणि इथे हे कोण कुठलं पोरगं मला 'काम डाउन मॅडम' म्हणतंय! मी म्हटलं, "बाळा, माझं डोकं थंडच आहे. तुला गरम ऐकायचंय का?" फोन कट.

माझ्याकडून काही निघत नाही म्हटल्यावर वसुलीवाले नवऱ्याला गाठायला लागले. त्याच्या नव्या कामावर फोन. तो बिचारा मऊ माणूस. फोन आला की घरातून उठून जिन्यात जायचा आणि तोंडावर हात धरून बोलायचा. शेजारी कळेल, मालकाला कळेल, कामावर कळेल. मला म्हणायचा, "अगं, हळू बोल. एवढ्याशा पैशासाठी गावभर करू नकोस." म्हातारी मेल्याचं दुःख नसतं हो, काळ सोकावतो, असं मी म्हटलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आपल्या आजारपणापायी हे सगळं झालं, हे त्याच्या मनात होतं. बोलून दाखवायचा नाही, पण होतं.

आणि नेमकं तेव्हाच आम्हाला घर लागलं.

लॉटरीत. किती वर्षं अर्ज भरत होतो. दर वेळी यादीत आपलं नाव शोधायचं आणि दर वेळी दुसऱ्याचं वाचून परत यायचं. या वेळी नाव निघालं. द्रोणागिरीत, माझ्या ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. मुलगी त्या कागदावर बोट ठेवून परत परत वाचत होती. दर अकरा महिन्यांनी घरमालक करार घेऊन यायचा, भाडं वाढवायचा किंवा घर रिकामं करा म्हणायचा. आमच्या मिक्सरचा खोका आम्ही कधी फेकलाच नाही, कारण परत भरावा लागायचाच. ते सगळं आता संपणार होतं. घराचा पहिला हप्ता आम्ही पै-पै करून साठवला होता, आजारपणातही त्याला हात लावला नव्हता. बाकीच्यासाठी कर्ज काढायचं, आणि कागदावरच्या तारखेच्या आत पैसे भरायचे. नाहीतर घर यादीतल्या पुढच्या माणसाला.

घरकर्जासाठी आम्ही नेरूळला दुसऱ्या एका बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी नवऱ्याचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि चष्मा वर केला. "कार्डाची थकबाकी दिसतेय. ती आधी बंद करून या. आणि एक लक्षात ठेवा. तडजोड करून मिटवली अशी नोंद नको. पूर्ण भरून बंद, अशी हवी. तडजोड दिसली तर तुमची फाइल पुढे जायची नाही."

झालं! म्हणजे कार्डाच्या बँकेशी अर्ध्यामुर्ध्यात मिटवावं, तर घरकर्ज नाही. तिनं लावलेलं सगळं निमूट भरावं, तर साठवलेला पहिला हप्ता त्यातच जाणार. दोन्हीकडून घर जाणार. म्हणजे कार्डाच्या बँकेनं लावलेले आकार तिनंच रद्द केले पाहिजेत, तेही तारखेच्या आत.

शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी हाय ना. ॲडव्हान्स घे, त्यांच्या तोंडावर मार, घर घे. मागाहून भांड." मी म्हटलं, "शेठ, तुमच्या काकांनी तेच केलं होतं ना?" शेठ हसले. "भांडायचं तर भांड, पन घर गेलं तर माज्याकडं रडाया येऊ नको, सांगून ठेवतो."

त्या दिवशी घरी जे झालं ते मी विसरणार नाही. नवरा म्हणाला, "शेठ देतायत तर घे ना! तुझ्या हट्टापायी पोरीचं घर घालवतेस." मी म्हटलं, "अहो, ॲडव्हान्स काय आकाशातून पडतो? तो माझ्या पगारातूनच कापणार. म्हणजे न घेतलेल्या वस्तूचे पैसे पुढची दोन वर्षं मी भरायचे. का?" तो म्हणाला, "कारण आपण गरीब आहोत." एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं आलं की दुसऱ्या कशानं, माहीत नाही. पण मी घेतले नाहीत पैसे. आणि खोटं कशाला सांगू, पुढचे दिवस मी आतून टरकलेली होते. घर गेलं असतं तर मुलीला तोंड दाखवायची सोय नव्हती.

मी खऱ्या कर्जाचा हिशोब मांडला. जे घेतलं ते, त्यावर ठरलेलं व्याज, एक रुपया कमी नाही. जे काय उरलं होतं ते घरातली सोन्याची दोन नाणी आणि माझ्या पाटल्या मोडून भरून टाकलं. पाटल्या आईच्या होत्या. मोडताना वाईट वाटलं, पण ते आमचं देणं होतं. मग उरले फक्त त्यांचे दंड, व्याज आणि कवच. त्याबद्दल बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. कवच घेतल्याची संमती दाखवा, एवढीच मागणी. महिना गेला, उत्तर नाही. मग बँकांच्या वर जो लोकपाल असतो त्याच्याकडे तक्रार टाकली. फुकट होते, वकील लागत नाही, मोबाइलवरून होते. हे मला कुणीही फोनवर सांगितलं नव्हतं. कशाला सांगतील?

लोकपालाकडून बँकेला विचारणा गेली मात्र, फोनवरची पोरं अदृश्य झाली आणि वाशीच्या शाखेतून एकदम मॅनेजर बोलायला लागला. "या ना, बसून बोलू." तारखेला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता.

मॅनेजर तरुण, कपड्यांना इस्त्री, बोलायला साखर. काचेची केबिन, बाहेर ग्राहकांची रांग. आमच्यासाठी चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, तुमचा गैरसमज झालाय. सरांनी फोनवर स्वतः संमती दिलेली आहे. पहिलं वर्षभर मोफत होतं, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे." मी नवऱ्याकडे बघितलं. तो मान हलवत होता, नाही, नाही, मला काहीच आठवत नाही. मॅनेजरनं एक कागद पुढे सरकवला. "पण आपण ताणायला नको. निम्मा दंड आम्ही माफ करतो. इथे सही करा, तक्रार मागे घ्या."

नवऱ्यानं पेन उचललंसुद्धा. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "रेकॉर्डिंग ऐकवा."

"मॅडम, त्याची काही गरज..."

"तुमची नसेल. आमची आहे. लावा."

त्यानं नाइलाजानं लावलं. मला वाटतं त्यानं स्वतः ते कधी ऐकलं नव्हतं. एका मुलीचा भराभर हिंदीतला आवाज. अभिनंदन सर, आपके लिए खास ऑफर. तिच्यामागे कसली तरी खडखड. चाकांची. कुणीतरी लांबून 'वॉर्डबॉय' म्हणून ओरडलं. आणि मग माझ्या नवऱ्याचा आवाज आला. तसा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही.

"सिस्टर... पाणी..."

"जी सर, पहला पूरा साल बिलकुल फ्री है. ठीक है सर?"

"आई गं... पाणी द्या ना कुणीतरी..."

"थैंक यू सर. आपका दिन शुभ हो."

संपलं. ऑपरेशनचा दिवस होता तो. भूल उतरत होती. फोन मी त्याच्या उशाशी ठेवून गेले होते, म्हणजे शुद्धीवर आला की मला लावेल. मी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभी होते, त्यांचंच कार्ड हातात घेऊन. आणि वर हे चाललं होतं! मेल्यांनो, माणूस पाणी मागत होता रे!

मॅनेजरचा चेहरा उतरला. त्यानं घाईनं माउसकडे हात नेला. "सॉरी सर. मी हे... हे मी बंद करतो."

"नको," नवरा म्हणाला. "परत लावा."

"सर?"

"परत लावा. आणि आवाज वाढवा."

"सर, बाहेर कस्टमर आहेत."

"म्हणूनच वाढवा." असं म्हणून माझा नवरा, फोन आला की जिन्यात जाणारा माझा नवरा, टेबलाचा आधार घेऊन उठला, सावकाश दारापर्यंत गेला आणि त्यानं केबिनचं काचेचं दार सताड उघडलं. दाराला पाठ लावून तिथेच उभा राहिला. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांगतायत ना ते. लावा." त्यानं लावलं.

अख्ख्या शाखेत तो आवाज गेला. नोटा मोजायचं यंत्र कुणीतरी थांबवलं. रांगेतली माणसं मान वळवून बघायला लागली. कोण बोलतंय, कुठून, कुणाला काही कळेना. बाकावर एक म्हातारी पासबुक घेऊन बसली होती. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "अगंबाई, एवढा कळवळून मागतोय, त्याला पाणी द्या ना कुणीतरी!"

नवरा दारातून म्हणाला, "आजी, तेच विचारतोय मी यांना."

मग मॅनेजर म्हणाला की सगळी रक्कम माफ करतो, बँकेच्या सदिच्छेतून. तेव्हाही नवरा खाली बसला नाही. "माफ कोण कुणाला करतंय, साहेब? माझी चूक असेल तर माफ करा. तुमची असेल तर तसं लिहा." तसं लिहून घेतलं. आकार चुकीने लावले होते, ते रद्द केले, खातं पूर्ण भरून बंद. सही, शिक्का, तारीख. वरून फोन यायचे, मॅनेजर आत-बाहेर करायचा, चहा गार झाला, आम्ही हललो नाही. पत्र हातात पडेपर्यंत बँकेचं शटर अर्धं खाली आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेरूळच्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. तारीख टळायच्या आत कर्ज मंजूर झालं, पहिला हप्ता भरला, आणि पुढे रीतसर किल्ली मिळाली. लोक म्हणतात, नशीबवान आहात, लॉटरी लागली. लागली ना. पण ती फक्त यादीत नाव यायची होती. बाकीचं घर आम्ही ओढून आणलंय.

मिक्सरचा खोका मी भंगारात दिला. आता बाल्कनीत उभी राहते तेव्हा खाली ट्रेलरची रांग दिसते, धूळ येते, हॉर्न वाजतात, आणि मला ते सगळं आवडतं. अजून अधूनमधून कुठल्या ना कुठल्या बँकेचा फोन येतो. नवीन कार्ड, नवीन ऑफर, अभिनंदन मॅडम. मी फोन नवऱ्याच्या हातात देते. तो स्पीकर लावतो, आजूबाजूला सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि म्हणतो, "हां, बोला. कशाचे पैसे?"